बाबांच्या डाव्या अंगठ्याची शाई

शनिवार

दादा: बाबांचं मृत्युपत्र कुणी पाहिलंय का? "सगळं लिहून ठेवलंय" असं मला दोनदा म्हणाले होते. कुठे ठेवलंय ते विचारायचं राहून गेलं.

ताई: कपाट, टेबलाचे खण, विम्याची फाइल, पुस्तकांच्या मागे. दोनदा पाहिलं. नाही मिळालं.

दादा: कपाटाची चावी इतके दिवस तुझ्याकडेच होती ना?

ताई: हो. बाबा आजारी पडल्यापासून. तुला नेमकं काय म्हणायचंय दादा?

मामा: थांबा दोघंही. नोंदणी खात्यात नोकरी करताना असे कागद शोधत येणारी भावंडं मी खूप पाहिली. कागद मिळेपर्यंत त्यांच्यात बोलणं उरलेलं नसायचं. ते आपल्या घरात व्हायला नको. आजपासून कपाट असो, बॅग असो, उघडताना दोघं तरी हवेत. काय निघालं त्याचा फोटो लगेच. आणि जुना कागद सापडला तर पिना काढू नका, पाकीट फेकू नका, त्यावर पेननं काही लिहू नका. पिनेची जादा भोकं दिसली तरी पान बदललं का, असं कुणीही विचारू शकतं.

वहिनी: लॉकरमध्ये असेल तर?

मामा: तिथेही मृत्यूचा दाखला लागेल. आत काय आहे त्याची बँक साक्षीदारांसमोर यादी करते. तो अर्ज देऊन ठेवा. पण आता कपाटांपेक्षा माणसं शोधा. मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आत काय लिहिलंय हे साक्षीदाराला बहुधा माहीत नसतं, पण सही कुठे बसून केली, टाइप कुणी केलं, हे तो सांगतो.

मी: बाबांची फोन नंबरांची जुनी डायरी माझ्याकडे आहे. त्यात तीन वकील दिसतात. विचारते तिघांना.

रविवार

मी: एक वकील वारले, त्यांची मुलगी जुन्या फायली बघून सांगणार आहे. दुसऱ्यांनी बाबांचं काहीच काम केलेलं नाही. तिसरे फोन उचलत नाहीत.

वहिनी: बाबांच्या लॅपटॉपवर "मृत्युपत्र कच्चं" नावाची फाइल मिळाली. दोन पानं आहेत. याचा उपयोग होईल?

मामा: सही-साक्षीदारांशिवाय ते मृत्युपत्र नव्हे. पण फाइल सेव्ह करू नका, तारीख बदलते. आहे तशी राहू द्या. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात कलम २३७ आहे. मूळ मृत्युपत्र माणूस गेल्यानंतर हरवलं, किंवा त्याच्या स्वतःच्या हातून नव्हे तर अपघातानं वा दुसऱ्याच्या दुष्कृत्यानं नष्ट झालं, तर जपलेल्या प्रतीवर किंवा मसुद्यावरही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळू शकतं. अडचण पुढेच आहे. भाऊजींनी रद्द करायच्या हेतूनं ते स्वतः फाडलं असेल तर ते संपलं. कागद शेवटपर्यंत त्यांच्याचजवळ होता आणि आता मिळत नाही म्हटल्यावर कोर्टात हा प्रश्न निघणारच. म्हणून मूळ कागदाचा शोध सोडायचा नाही.

वहिनी: आई सांगतायत ते लिहिते. हे घर घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी बाबा दोन मित्रांना घेऊन सकाळीच कुठेतरी गेले होते. दुपारी आले तेव्हा अंगठ्याला शाई होती. साबणानं घासली तरी निघाली नाही. विचारलं तर म्हणाले, "तुझ्याच कामाला गेलो होतो."

मामा: अक्काला विचार, डावा की उजवा?

वहिनी: डावा. उजव्या हातात घड्याळ काढून धरलं होतं म्हणतात.

मामा: डाव्या अंगठ्याचा ठसा तर नोंदणीच्या वेळी घेतात. घराची नोंदणी आदल्या वर्षीच झाली होती, तिला मीच सोबत होतो. मग हा अंगठा दुसऱ्या कशाचा? मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे मी तिकडे वळलोच नव्हतो. नोंदवलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक ३ मध्ये त्याची नक्कल आहे. माणूस हयात असेपर्यंत ती त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही. वर्ष कळलंय, सूचीत नाव शोधणं अवघड नाही. तिथे नाही मिळालं तर जिल्हा निबंधकांकडेही विचारू. बंद पाकिटात मृत्युपत्र ठेवायची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. ते अर्जदारासमोर उघडतात, नक्कल करून घेतात आणि मूळ परत ठेवतात.

दादा: उद्या मी जातो. ताई, तू येशील का बरोबर? चावीबद्दल बोललो ते चुकलं माझं.

ताई: येते. दाखल्याच्या दोन प्रती माझ्याकडे आहेत.

बुधवार

दादा: नोंद मिळाली. प्रमाणित नक्कल हातात आहे, चार पानं. साक्षीदारांची नावं वाचता येतायत, त्यातले एक काका अजून आहेत.

मामा: त्यांना आजच भेटा. नोंदणी झाल्यावर मूळ कागद परत देतात, म्हणजे तो बाबांच्या हातात आला होता. नंतर कुणाकडे ठेवला ते त्यांना ठाऊक असू शकतं. आणि यानंतरच्या तारखेचं दुसरं एखादं केलं होतं का, तेही विचारा. शेवटचं असेल तेच चालतं.

दादा: विचारतो. पानांचे फोटो इथे टाकू का?

ताई: नको. आईनं अजून पाहिलेलं नाही. आम्ही संध्याकाळी घरी येतोय, तिला आधी वाचून दाखवू.