पाण्याकाठची जागा, पण वाऱ्याची

कॅम्पिंगला जाताना अगदी पाण्याला लागून जागा मिळाली तर जादा पैसे बिनधास्त द्यावेत, असं बरेच जण सांगतात; हे मत मला अर्धंच पटतं. अमेरिकेत फ्लोरिडा कीज या बेटांवरच्या बाहिया होंडा स्टेट पार्कला आम्ही आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन राहिलो होतो. सकाळी दार उघडलं की समोर समुद्र, जुन्या रेल्वेपुलाचा तुटका सांगाडा, आणि पोरं दूध न पिताच पाण्यात! तिथे मी पुन्हा कधीही जाईन. बुकिंग मात्र फ्लोरिडावाल्यांना ११ महिने आधी उघडतं, बाकीच्यांना १०, त्यामुळे तारीख लक्षात ठेवावी लागते.

त्याच सहलीत पुढे एका खाजगी कॅम्पग्राउंडवर खारफुटीला चिकटून जागा मिळाली. संध्याकाळी वारा पडला आणि नो-सी-अम नावाची बारीक चिलटं साध्या जाळीतून सरळ आत आली. सकाळी धाकटीचे पाय लाल पुरळांनी भरलेले, रात्रभर रडली बिचारी. ही चिलटं ओल्या चिखलात वाढतात, पण वाऱ्यापुढे त्यांना उडता येत नाही. म्हणून जागा निवडताना वारा कुठून येतो आणि खारफुटी किती जवळ आहे, हे नकाशावर आधी बघा. बारीक विणीची जाळी आणि एक टेबलफॅन जवळ ठेवाच.