मदत हवी आहे : धुरावलेले मटण आणि कोंबडी विकायची आहे, गरमच द्यावी की पॅक करून?

नमस्कार.

मी जुळे सोलापूर भागात राहतो आणि अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम करतो. गेली चार वर्षे रविवारी गच्चीवर मटण आणि कोंबडी लाकडाच्या धुरावर शिजवतो. निखाऱ्यावर तूप सोडून पातेल्यावर झाकण घालतात तो धुंगार वेगळा. मी मांस बंद पिंपात ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत, ज्वाळ लागू न देता, पाच-सहा तास धुरातच शिजवतो. आधी हे घरापुरते होते, मग भावकीत आणि कारखान्यात बोलबाला झाला, आणि आता दर रविवारी पाच-सहा घरे पैसे देऊन मागणी नोंदवतात. येत्या आषाढापासून हा रीतसर जोडधंदा करावा असे पत्नीने आणि मी ठरवले आहे. चवीबद्दल मला शंका नाही, मात्र काही प्रश्न असे आहेत की त्यांची खात्रीची उत्तरे मिळाल्याशिवाय अनोळखी माणसाच्या ताटात माझा पदार्थ जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

माझी पद्धत थोडक्यात सांगतो, म्हणजे चूक असेल तर दाखवता येईल. पिंप दोनशे लिटरचे, खाद्यतेलाचे घेतले. आपल्याकडे रंगाची आणि रसायनांची रिकामी पिंपे स्वस्तात मिळतात, पण ती मी मुद्दाम टाळली. तेलाचे पिंपसुद्धा आतला रंग जाईपर्यंत दोनदा जाळून घेतले. जाळी स्टीलची आहे, कारण जस्ताचा मुलामा दिलेली जाळी तापल्यावर मांसासाठी योग्य नाही. आपल्या भागातल्या उस्मानाबादी शेळीच्या मटणाला चरबी कमी असते, त्यामुळे मांडी ठेवली की ती लाकडासारखी कोरडी होते. फऱ्याचा, म्हणजे पुढच्या खांद्याचा भाग मात्र उत्तम निघतो. आतले तापमान ६८-७० अंशांवर आले की ते तास-दीड तास हलतच नाही. पहिल्यांदा मला वाटले विस्तव गेला, म्हणून मी कोळसे घालत राहिलो आणि बाहेरची बाजू करपवली. मांसातून सुटणारे पाणी उडताना ते थंड करते, म्हणून काटा अडतो, हे नंतर कळले. आता त्या वेळी मांस ओल्या केळीच्या पानांत गुंडाळतो आणि ९२ अंशांवर उतरवतो. तेव्हा हाड नुसते धरून ओढले तरी सुटते. कोंबडी मात्र कातडीसकट लागते. आपले दुकानदार सवयीने सोलूनच देतात, त्यामुळे आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. ती लिटरभर पाण्याला ६० ग्रॅम मीठ या प्रमाणात रात्रभर फ्रिजमध्ये मुरवतो आणि मांडीच्या सांध्यात ७४ अंश झाल्याशिवाय कधीही उतरवत नाही.

पहिला प्रश्न लाकडाचा. मी चिंच, पेरू आणि बाभूळ वापरतो. सांगोल्याकडचा एक नातेवाईक डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या आणि नान्नजचा एक ओळखीचा बागायतदार एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या द्राक्षकाड्या फुकट द्यायला तयार आहे. या दोन्ही पिकांवर वर्षभर बुरशीनाशके मारतात, द्राक्षावर तर मोरचुदाचे बोर्डो मिश्रणही असते. साल काढून वर्षभर वाळवलेले लाकूड चालते का, की फवारणीच्या बागेतले लाकूड सरसकट टाळावे? शेतीतले जाणकार असतील त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याच डाळिंबाच्या लाकडाचा धूर ही आपल्या गावची ओळख होऊ शकेल असे मला फार वाटते, पण त्यासाठी कोणाच्या पोटात विष जाऊ द्यायचे नाही.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गेल्या चैत्रात पुण्याच्या मेहुण्यासाठी किलोभर मटण हवा काढलेल्या पिशवीत बंद करून ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने पाठवले. घाईत ते कोमट असतानाच बंद केले होते. रात्री मेहुण्याने पिशवी उघडली तेव्हा ती फुगलेली होती आणि आंबूस वास येत होता. कोणी खाल्ले नाही हे नशीब. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर मी वाचले की शिजवलेले अन्न दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांच्या खाली आले पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात घरातली हवाच चाळीस अंशांची असते, तेव्हा बर्फाच्या पाण्यात पिशव्या बुडवण्यावाचून मार्ग नाही. शिवाय हवा काढल्याने मांस टिकते हा माझा समज अर्धवट होता. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवा नसतानाच वाढतो आणि त्याचे विष वासावरून ओळखता येईलच असे नाही. नायट्राइटचे मीठ हा त्यावरचा एक उपाय आहे, पण ते मोजण्यात थोडी चूक झाली तरी घातक ठरते, म्हणून मी ते हातात घ्यायला धजावत नाही. अशा स्थितीत फक्त रविवारी, मागणीनुसार, गरम गरम विकावे की पॅकिंगचा मार्ग नीट शिकून घ्यावा? आणि मांस किती दिवस टिकते हे तपासून देणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा सोलापुरात कोणी वापरली आहे का?

परवान्याचे असे की २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान उलाढालीला नोंदणी आणि मोठीला परवाना, एवढे मला समजले आहे. वेष्टनावर चौदा अंकी क्रमांक लागतो हेही माहीत आहे. पण मी परवानाधारक दुकानातून कच्चे मटण आणून शिजवून विकणार, तर मला घरगुती खाद्यविक्रेता धरतील की मांसप्रक्रिया करणारा? दोहोंच्या अटी वेगळ्या असणार. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी घरातल्या स्वयंपाकघराबद्दल काय विचारले, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर मोठे उपकार होतील. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, म्हणून भांडी आणि जाळ्या धुण्यासाठी वेगळी टाकी बसवायची तयारी आहे.

शेजारच्या घरी माळकरी आजी आहेत. त्यांनी तक्रार केलेली नाही, पण रविवारी त्या खिडकी लावून घेतात हे मला दिसते आणि ते मनाला लागते. शहराबाहेर, हत्तूर किंवा कुंभारी बाजूला, एखादे शेड भाड्याने घ्यावे का?

हिशेब असा : दोन किलो फऱ्या सध्या साधारण १५२० रुपयांना पडतो, धुरातून निघाल्यावर हाडासह साडेबाराशे ग्रॅम उरतो, आणि लाकूड, कोळसा, मसाला, डबे धरून आणखी १८० रुपये लागतात. म्हणजे पाव किलोला ३४० रुपये खर्च, त्यात आमची मेहनत नाही. मी ४५० सांगतो तेव्हा लोक म्हणतात, एवढ्यात खानावळीत भाकरी-रश्श्यासकट मटणाचे पोटभर ताट मिळते. त्यांचे चूक नाही. श्रावणात आणि नवरात्रात विक्री जवळजवळ थांबणार हेही धरावे लागेल. मटण सोडून फक्त कोंबडीवर सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल का?

आषाढाच्या पहिल्या रविवारसाठी बारा किलोची मागणी आली आहे. पॅकिंगबद्दल खात्री होईपर्यंत ती सगळी गरमच, संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत घरून न्यावी, असे मी सर्वांना कळवले आहे. निदान लाकूड आणि नोंदणी या दोन बाबींची उत्तरे त्याआधी मिळाली तर फार बरे होईल.