मदत हवी आहे: एका रिपोर्टमध्ये प्रोटीन 'निल', दुसऱ्यात १४०

नमस्कार मंडळी. सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर जुनी. साध्या लघवी तपासणीत प्रोटीन 'निल', पण त्याच आठवड्यातल्या एसीआरमध्ये (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) १४० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. ३० च्या आत हवं. थोडं अल्ब्युमिन साध्या तपासणीच्या पट्टीवर दिसतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) नॉर्मल आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका म्हणाले.

आता एसीआर पुन्हा करायची आहे, सकाळच्या पहिल्या लघवीची. ताप, इन्फेक्शन किंवा जास्त दगदग झाली तरी आकडा तात्पुरता वाढतो म्हणे. आमच्या सासूबाई तर नमुना द्यायच्या आदल्या संध्याकाळी पर्वती चढून आलेल्या! (ऐकतात कुठे.)

पुण्यात धायरी, सिंहगड रोड भागात सकाळी सातच्या आत घरी येऊन नमुना नेणारी लॅब आहे का? दर वेळी एकाच लॅबमध्ये करता का? आणि २४ तासांची लघवी गोळा करायची वेळ आली, तर घरच्या वयस्कर माणसांकडून कशी करवून घेतलीत? पहिल्या सकाळची पहिली सोडायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरायची, एवढं कळलंय. पण कॅन फ्रीजमध्ये ठेवायचा म्हटल्यावर घरात महाभारत सुरू झालंय. औषधं, काढे कृपया सुचवू नका.