जुन्या साइटवरून नव्या वेब-मासिकात जातेय, लेख आणि हक्क कसे सांभाळू?

वसईची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी रविवारच्या मिस्साच्या (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेच्या) वाचनांवर मराठीत चिंतन लिहिते. २०१५ पासून एका साइटवर लिहितेय, दोनशेच्या वर लेख झालेत, पण आता तिथून निघायचं नक्की केलंय. मागच्या वर्षी त्यांनी साइट नवीन केली आणि २०१९ च्या आधीचे माझे सगळे लेख गेले, दोनदा मेल केला, साधं उत्तर नाही. वर यंदा गुड फ्रायडेच्या लेखात क्रुसावरच्या शब्दांच्या बरोब्बर खाली रमीची जाहिरात, ते बघून रडूच आलं.

ओळखीच्या काही जणांनी नवीन वेब-मासिक काढलंय, माणसं चांगली आहेत, जाहिराती घेत नाहीत, त्यांनी बोलावलंय. पण त्यांच्या दोन पानी करारात "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असं लिहिलंय. सही करू का? उरलेले लेख कसे न्यायचे? आणि वाचकांचं काय? भुईगावच्या एक आंटी आहेत, नातवाकडून प्रिंट काढून घेतात आणि संध्याकाळी रोझरी झाली की घरात सगळ्यांना वाचून दाखवतात, अशा माणसांना नवीन पत्ता कसा पोचवायचा? सही याच आठवड्यात मागतायत.

कागद_बघणारा
ताई, आहे तशी सही करू नका. माणसं चांगली असली तरी कागद वेगळा असतो, उद्या ते मासिक दुसऱ्या कोणी चालवायला घेतलं तर कागदच बोलणार. तुम्ही त्यांच्या पगारावर नाही ना, मग १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखाच्या पहिल्या मालक तुम्हीच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच देता येतात (कलम १९), आणि करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. पण तुमच्या करारात "कायमस्वरूपी" लिहिलंय, म्हणून तोच शब्द काढायला सांगा. त्याऐवजी "वेबवर प्रकाशित करायची परवानगी, पुस्तकाचे आणि इतर हक्क लेखिकेकडे" असं घाला. आणि जुन्या साइटला कधी काही सही करून दिलं होतं का तेही शोधा, दिलं नसेल तर ते लेख न्यायला कोणाला विचारायची गरज नाही.

मुळाकाठ
मी नगरचा, आमची मंडळी प्रॉटेस्टंट, पण दुखणं एकच. आपली ख्रिस्ती नियतकालिकंच बघा, ज्ञानोदय १८४२ ला आमच्या नगरात सुरू झालं, निरोप्या १९०३ ला फादर हेन्री डोरिंग यांनी काढला, या दोन्हींचे जुने अंक बांधून कपाटात ठेवलेले असले की आजही उघडून वाचता येतात, आणि तुमचा सात-आठ वर्षांपूर्वीचा लेख सापडत नाही, याचं फार वाईट वाटतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१२ पासून ज्ञानोदयाचा मराठी भाग सांभाळला, तेव्हाचं लेखन आपल्यापर्यंत आलं ते कोणीतरी कागद जपला म्हणून. तेव्हा नव्या जागी काहीही ठरो, प्रत्येक लेखाची एक प्रत स्वतःकडे ठेवाच. जुनं काही श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेलं असेल तर युनिकोड करून घ्या आणि नंतर एकेक ओळ वाचा, माझ्या लेखात "दुसऱ्या" सगळीकडे फुटला होता आणि "ख्रिस्त"चा "खिस्त" झाला होता.

वायर_आणि_वेब
जुनी साइट वर्डप्रेसवर असेल तर एक्सपोर्टची एक्सएमएल फाइल मागा, ती सोय ॲडमिनलाच असते, तुमच्या लॉगिनला दिसणार नाही. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, म्हणून नव्या जागी सगळं येईपर्यंत जुनं काही डिलीट करायला लावू नका. फाइल नाही मिळाली तर एकेक पान कॉपी करा, कंटाळवाणं आहे पण दोनशे लेख म्हणजे पाच-सहा रविवारचं काम. गेलेल्या लेखांच्या लिंक कुठे व्हॉट्सॲपवर सापडल्या तर वेबॅक मशीनमध्ये (वेबवरच्या जुन्या पानांच्या प्रती ठेवणारी साइट) टाकून बघा, कधीकधी मिळतात.

रविवारचा_वाचक
मी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, माझं मत तारखेबद्दल. रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात, एकेक वर्ष एकेका शुभवर्तमानाचं, मत्तय, मार्क, लूक. २९ नोव्हेंबर २०२६ ला आगमनकाळ (नाताळच्या तयारीचा काळ) सुरू होतो आणि तिथून मार्कचं वर्ष, नवीन जागी तेव्हाच सुरू करा, मधेच कुठेतरी नको. मार्कच्या वर्षात मधले पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो, पाच आठवडे भाकरीवरच बोलायचं म्हणजे आमच्यासारख्यांना जुने लेख सापडायला हवेतच. जुने लेख तारखेने लावू नका, वर्ष आणि रविवार असे लावा.

वसईची_लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. मासिकवाल्यांशी बोलले, "कायमस्वरूपी" काढायला लगेच तयार झाले, कुठलातरी छापील नमुना उचलला होता म्हणे. जुन्या साइटला कधीच काही सही करून दिलं नव्हतं. वेबॅकमध्ये नऊच लेख मिळाले.

आणि काल आंटींकडे गेले होते नवीन पत्ता मोठ्या अक्षरात लिहून द्यायला, तर त्यांनी कपाटातून कॅरी बॅगमध्ये गुंडाळलेली फाइल काढली, २०१६ पासूनचे प्रिंट, तारखेवार, कडेला पेन्सिलने कोणी मोठ्याने वाचलं त्याचं नाव. योहानाच्या सहाव्या अध्यायावरचे २०१८ चे पाचही रविवार त्यात आहेत. फाइल द्यायला तयार नाहीत, इथेच बसून फोटो काढ म्हणाल्या. शनिवारी परत जातेय, नातू स्टँड धरणार आहे.