लांबचा प्रवास, सोबत मुलं आणि आजी: एका रात्रीचा मुक्काम कसा निवडायचा?

नवखी चालक:
पुढच्या महिन्यात आम्ही पाचजण गाडीने निघतोय. मी, नवरा, ४ वर्षांची लेक, ११ महिन्यांचं पिल्लू आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. अंतर ९०० किलोमीटर, नकाशा १४ तास दाखवतोय. एका दमात जायचं नाही, एवढं पक्कं. आधी दोघंच असायचो तेव्हा दिसेल तिथे थांबायचो, पाठ टेकली की झालं. आता तसं चालणार नाही. बरोब्बर मध्यावर, ४५० च्या आसपास काहीतरी बघतेय. पण 'फॅमिली रूम' तर सगळेच लिहितात. नेमकं काय बघायचं?

मैलाचा दगड:
आधी तो मध्य डोक्यातून काढा. मुक्काम किलोमीटरवर नाही, घड्याळावर ठरतो. लहान मुलं असली की नकाशाच्या वेळेत मी सरळ एक तृतीयांश वाढवतो. म्हणजे तुमचे १४ तास १९ च्या घरात जातात. पहिल्या दिवशी सगळे ताजे असतात, तेव्हा नकाशावरचे ८ तास उरका. पहाटे ६ ला निघालात तर संध्याकाळी ५ पर्यंत पोचाल. दुसऱ्या दिवशी मुलं गाडीत बसायलाच कुरकुर करतात, तेव्हा ६ तासच उरलेले बरे.

आणि उजेडात पोचा. अंधारात नवी जागा शोधणं, मागे रडणारं बाळ, शेजारी 'मी म्हटलं होतं ना' म्हणणारा जोडीदार... अनुभवाचे बोल आहेत.

रात्रपाळी:
मुक्काम हवाच कशाला? रात्री ९ ला निघा, मुलं गाढ झोपतात, रस्ता मोकळा. आम्ही नेहमी असंच करतो.

मैलाचा दगड:
मुलं झोपतात हो, पण चालवणाऱ्याचं काय? रात्री २ ते पहाटे ५ या वेळात शरीर आपणहून झोप मागतं. ताशी ९० च्या वेगात फक्त ४ सेकंद डोळा लागला तरी गाडी १०० मीटर विनाचालक जाते. १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, असं त्यात दिसलं. सकाळी ७ ला उठून, दिवसभर काम करून रात्री निघालेला माणूस मध्यरात्री १२ लाच तिथे पोचतो. काचा खाली करून आणि गाणी मोठी लावून झोप जात नाही, जाते असं वाटतं फक्त.

रात्रपाळी:
बरं, पटलं. १७ तासांचा हिशेब कधी केलाच नव्हता.

जुळ्यांची आई:
नवखीताई, मुद्द्याचं बोलते. फोटो बघून ठरवू नका, फोन करा. आणि 'मुलांसाठी सोय आहे का' असं मोघम विचारू नका, त्याला उत्तर 'हो'च येतं. मी विचारते: खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का आणि ती चालू आहे का? (हे दोन वेगळे प्रश्न आहेत.) जादा गादीसाठी जमिनीवर जागा उरते का? गॅलरी असली तर दाराला वरच्या बाजूला कडी आहे का? पोहण्याचा तलाव असला तर त्याला कुंपण आहे का? सासूबाईंसाठी कमोड आणि धरायला दांडी आहे का?

बाळाचं झोपणं सगळ्यात महत्त्वाचं. गाडीतल्या सीटमध्ये झोपलं म्हणून सीटसकट उचलून खोलीत आणायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं, हे अजिबात नको. मान पुढे पडून श्वास अडकू शकतो. सपाट, घट्ट गादी हवी. मोठ्या पलंगावर भिंतीच्या बाजूला झोपवलं की आपल्याला सुरक्षित वाटतं, पण पलंग आणि भिंतीतल्या फटीत बाळ अडकतं.

गेल्यागेल्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून हात धरून बघा. ६० अंशांचं पाणी मुलाची त्वचा काही सेकंदांत भाजतं आणि अनोळखी नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हे मोठ्यांनाही कळत नाही.

सामानसुमान:
+१. माझी भर एकच: मुक्कामाची पिशवी वेगळी भरा आणि डिकीत सगळ्यात वर ठेवा. मोठ्या बॅगा उतरवायच्याच नाहीत. त्या पिशवीत घरची न धुतलेली उशीची खोळ टाका, मुलीला ओळखीचा वास येतो. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे नुसते चोचले नाहीत. २०१६ साली ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर असल्यासारखा राहतो. म्हणून दुसऱ्या दिवशी फार पहाटे निघायचा हट्ट नको.

मैलाचा दगड:
त्या दिवशी तिथे काही समारंभ आहे का, हेही विचारा. हा प्रश्न सगळे विसरतात.

नवखी चालक:
परवा परत आलो, म्हणून लिहितेय. मैलाचा दगड, तुमचा शेवटचा प्रश्न मी विसरले! फोनवर बाकी सगळं विचारलं होतं. लिफ्ट चालू, तळमजल्याची खोली, न्हाणीघरात दांडीसुद्धा. ५ वाजून १० मिनिटांनी पोचलो. खोलीसमोरच्या हिरवळीवर दोन माणसं स्पीकर उतरवत होती.

नवरा बोलायला गेला. त्यांच्याकडे मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती, पण पहिल्या मजल्यावर. सासूबाई म्हणाल्या, "लिफ्ट आहे ना? मग चला." उजेड होता म्हणून हे सगळं शांतपणे झालं, ८ वाजता पोचलो असतो तर मी तिथेच रडले असते. डिकीतून एकच पिशवी काढायची होती, त्यामुळे खोली बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम.

गादी जमिनीवर, भिंतीपासून लांब घातली. पिल्लू ९ ला झोपलं. लेक मात्र खोळ नाकाला लावून अर्धा तास छताकडे बघत होती. मग विचारलं, "आई, हे घर उद्या पण आपलंच आहे का?" नाही म्हटल्यावर तिने पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे सगळीकडे बघून घेतलं आणि मगच झोपली.

परतीला तिथेच थांबलो. फोन केल्यावर पहिला प्रश्न समारंभाचाच विचारला.