मदत हवी आहे: उडतं बुजगावणं हवेत जास्त वेळ कसं ठेवू?

नमस्कार मंडळी. आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाला लागून. हरभऱ्यात रात्रभर रोही (नीलगाई) आणि रानडुकरं शिरतात. बाबा 68 वर्षांचे, तरी थंडीत मचाणावर जागल करतात. त्यांची ही जागल सुटावी म्हणून मी घरीच ड्रोन जोडला.

450 मिमीची फ्रेम, 920 केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला 920 फेरे) चार मोटरी, 10 इंची पंखे, 3 सेलची 2200 एमएएच बॅटरी. नुसता 8 मिनिटं उडतो. खाली बाबांचा जुना सदरा आणि एलईडी पट्टी टांगली की 4 मिनिटांतच उतरवावा लागतो. सदरा पंख्यांच्या वाऱ्यात फडफडतो, झोके घेतो आणि ड्रोनला सोबत ओढतो. परवा धुऱ्यावरच्या बाभळीत अडकला, दोन पंखे तुटले. पण त्याआधी रोह्यांचा अख्खा कळप पळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून सोडवत नाही.

फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून वायर वर न्यायचा विचार केला. पण दीड एमएमची 20 मीटर दुहेरी वायर धरली तर 15 अँपिअरला 7 व्होल्ट वायरमध्येच पडतात. जाड वायर तर ड्रोनला उचलवणारच नाही.

खालून 48 व्होल्ट देऊन ते वर ड्रोनपाशी कमी करणारा हलका कन्व्हर्टर कोणी वापरलाय का? सदऱ्याऐवजी काय टांगावं? शिवाय वजन 250 ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे ड्रोन नियम 2021 प्रमाणे नॅनो या सर्वात हलक्या वर्गात बसत नाही. घरी बनवलेल्याची नोंदणी कोणी केली असेल तर कृपया सांगा. हरभरा घाट्यावर आलाय, जरा घाई आहे.