बाजारातल्या आल्याची कुंडीत लागवड

प्रश्न :
गेल्या जुलैमध्ये मंडईतून आणलेले आले मी पुण्यातील आमच्या गॅलरीत कुंडीत लावले होते. परंतु दोन कोंब वीतभर वाढून पिवळे पडले आणि उकरून पाहिले तर कंद बोटाने दाबताच पिचकत होता व त्याला कुजका वास येत होता. चूक नेमकी कोठे झाली असावी?

उत्तर १ :
ही कंदकूज आहे आणि पाणी साचणाऱ्या मातीत ती हमखास येते. लागवड एप्रिल-मे महिन्यांत करावी, म्हणजे भर पावसाआधी मुळे धरतात. सुरकुतलेले आले टाळून टणक, फुगीर डोळ्यांचे (डोळे म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा) आले निवडावे, दोन-तीन डोळे असलेले सुमारे २५ ग्रॅमचे तुकडे करावेत, कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावी आणि डोळे वर ठेवून ४-५ सेंमी खोल लावावेत.

उत्तर २ :
कुंडी पसरट हवी, कारण कंद आडवे वाढतात. मी तळाला भोके पाडलेले जुने घमेले वापरते. मातीत कुजलेले शेणखत आणि वाळू मिसळते व कंद उघडे पडू लागले की वरून भर घालते.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. काढणी केव्हा करावी?

उत्तर १ :
पाने वाळू लागल्यावर, साधारण आठ-नऊ महिन्यांनी. तोवर चहापुरते हवे असल्यास सहाव्या महिन्यापासून कडेची माती हाताने सारून कंदाचे एखादे बोट मोडून घ्यावे. बाकीचा गड्डा वाढत राहतो.